टाकीकडे जाणारा जिना

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. पहाटे थंडी. दूधवाला उशिरा आला. हरभऱ्याची उसळ, भाकरी. दुपारी नकाशा समितीची बैठक सयाजीरावांच्या ओट्यावर झाली. आमचा नकाशा परत. शेरा : ‘वसाहतीस शोभत नाही.’ कुतुबभाईंनी नानकटाई आणली होती. वीरधवल रात्री जेवला नाही.

राजेश्वरीबाईंच्या डायरीत एका दिवसाला याहून जास्त जागा मिळत नसे. लहानपणी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात एका म्हाताऱ्या सिस्टरनं त्यांना ही सवय लावली. ‘दिवसभरात जे घडलं ते लिहायचं. जे वाटलं ते देवाला सांगायचं, त्याला ऐकायला वेळ असतो,’ असं ती म्हणायची. देव कुठला ते तिनं नीट सांगितलं नाही, म्हणून वाटलेलं सगळं राजेश्वरीबाई माहेरच्या, कडेगावच्या देव्हाऱ्यातल्या जोतिबाला सांगत आल्या. कागदावर फक्त घडलेलं. लग्नाच्या दिवसाची नोंद होती, ‘लग्न झाले. जिलबी कमी पडली.’ कॅप्टन हंबीरराव गेले त्या दिवसाची होती, ‘पहाटे हे गेले. दूध परत पाठवले.’

तेव्हा त्या रविवारी त्यांचं डोकं किती तापलं होतं ते डायरीत शोधून सापडणार नाही. ते सगळं जोतिबाला ऐकावं लागलं, आणि जोतिबाही त्या दिवशी कंटाळला असणार.

साताऱ्याच्या बाहेर, अजिंक्यताऱ्याच्या पाठीला, शिलेदार वसाहत आहे. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांनी एकत्र येऊन माळाची जमीन घेतली, प्लॉट पाडले, घरं बांधली. नियम लिहायचं काम हंबीररावांकडे आलं. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी ते सांगितले आणि राजेश्वरीबाईंनी आपल्या गोल, नीटस अक्षरात उतरवून घेतले. पहिलाच नियम होता, ‘नवे बांधकाम वसाहतीस शोभेल असे असावे.’

राजेश्वरीबाईंनी तेव्हाच पेन थांबवलं होतं. “शोभेल म्हणजे काय, ते लिहायला नको का?”

“शोभेल म्हणजे शोभेल,” हंबीरराव म्हणाले. “सगळे फौजी आहेत. कळतं त्यांना.”

सगळे फौजी होते आणि सगळ्यांना कळत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं कळत होतं. म्हणून नकाशा समिती नेमली. नगरपालिकेत नकाशा जाण्याआधी त्यावर समितीचा शेरा हवा, असं ठरलं. हंबीरराव गेल्यावर त्यांची जागा राजेश्वरीबाईंना दिली. ‘वहिनींचं अक्षर चांगलं हाय,’ हे कारण सयाजीरावांनी भर सभेत सांगितलं होतं.

समितीनं वसाहतीचं वाईट केलं असं मात्र म्हणता येणार नाही. संध्याकाळी फिरायला निघालं की ते दिसतं. कुंपणं कमरेएवढी, त्यामुळे जाता-येता माणसाला माणूस दिसतो. रस्त्यापासून घरं मागे सरकवायला लावली, म्हणून पुढे फणस, बकुळ, कडुनिंब वाढले. कुणाच्या घराखाली दुकानाचं शटर नाही. एकानं आखातातल्या कमाईतून फाटकावर दोन सिमेंटचे सिंह बसवले, तेव्हा समितीत मोठा खल झाला. सिंह शोभतात की नाही यावर एकमत होईना. शेवटी तोड निघाली, की सिंह राहू देत, पण तोंडं आत करा. तेव्हापासून ते सिंह रस्त्याला पाठ करून मालकाच्या दिवाणखान्याकडे जबडा वासून बसलेत, आणि मालक पडदे ओढून जेवतो.

असल्या तोडी काढण्यात समितीचा हात कुणी धरला नसता. जिन्याचं प्रकरण त्यातलंच.

नियम असा होता की घराला रस्त्याकडून दार एकच, आणि वरच्या मजल्याचा जिना घराच्या आतून. पुढे हंबीररावांनीच एक सवलत जोडली होती, ‘पाण्याची टाकी साफ करण्यासाठी बाहेरून जिना चालेल.’ बिचाऱ्यांच्या मनात खरोखर टाकीच होती. पण मुलांची लग्नं झाली, घरं अपुरी पडली, साताऱ्यात शिकायला येणाऱ्या पोरींना खोल्या हव्या झाल्या, आणि वसाहतीत एकामागून एक टाक्या उगवू लागल्या. नकाशात टाकी, वर खिडकी. नकाशात टाकी, वर पंखा, गॅसची शेगडी आणि वाळत घातलेल्या ओढण्या. होता होता तो शब्दच त्या अर्थानं रुळला. ‘आमच्या टाकीत दोघी हायत, बी.एड.च्या,’ असं लोक सहज म्हणू लागले. ‘धाकटा टाकीत राहतो.’ ‘टाकीला नवा रंग दिला.’ एका लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता होता, ‘वरची टाकी, बंगला नऊ, शिलेदार वसाहत’. नवा पोस्टमन ती पत्रिका घेऊन नवव्या बंगल्याच्या गच्चीवर गेला होता आणि खऱ्या टाकीचं झाकण उघडून बघून आला होता.

राजेश्वरीबाई एवढ्या वर्षांत ‘टाकी’ हा शब्द पाण्याखेरीज कशालाच वापरत नव्हत्या. समितीत असला नकाशा आला की त्या एकच प्रश्न विचारत, “किती लिटरची?” आणि समोरचा माणूस खाली मान घालून म्हणे, “त्यात बसंल तेवढी, वहिनी.” मग बाकीचे दोघे सही करत, त्या करत नसत, आणि बहुमतानं टाकी मंजूर होई.

आता त्यांच्याच घरावर वेळ आली होती.

घर तसं सोपं. खाली दिवाणखाना, त्याला लागून राजेश्वरीबाईंची खोली, आणि त्या खोलीच्या दाराशीच वर जाणारा लाकडी जिना. वर मुलगा वीरधवल आणि सून शिवांजली. वीरधवल सांगलीला एका बँकेत, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. शिवांजली साताऱ्यातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ. तिची पाळी बदलती. कधी संध्याकाळी जायची आणि सकाळी यायची, कधी भलत्याच वेळी बोलावणं यायचं. चपला हातात घेऊन, पदर खोचून, मांजरासारखी ती जिना उतरायची. पण त्या जिन्याची एक पायरी कुणाला सोडत नसे. ती करकरली की आतून आवाज येई, “कोण?”

“मी, आई.”

“बरं.”

परत येतानाही तेच. कोण? मी, आई. बरं. एवढ्या संभाषणावर दोघींचीही झोप जाई. शिवांजलीला अपराध्यासारखं वाटे आणि राजेश्वरीबाईंना तिच्या अपराधी वाटण्याचा वैताग येई. शेवटी बाहेरून जिना घालायचं त्यांनीच काढलं. “तू ये, जा. मला झोपू दे,” त्या म्हणाल्या. “आणि ‘मी, आई’ म्हणून सांगू नकोस. तूच असतेस ते मला ठाऊक आहे. चोर पायरी चुकवतो.”

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कुणी उघड बोललं नव्हतं. वीरधवलनं सांगलीत एक फ्लॅट बघून ठेवला होता. शिवांजलीला तिथल्या रक्तपेढीत काम मिळत होतं. महिनाअखेर कळवायचं होतं. जिना झाला तर इथं राहणं जमण्यासारखं होतं. नाही झाला, तर घरात राजेश्वरीबाई आणि ती करकरणारी पायरी, एवढ्याच उरणार होत्या.

नकाशा काढला नूरीननं. ही समितीतल्या कुतुबभाईंची नात, नुकतीच आर्किटेक्ट झालेली. तिनं पेन्सिल उचलतानाच विचारलं होतं, “टाकीचा जिना लिहू ना, आजी?”

“टाकी कुठे आहे तिथे?”

“नाहीये. पण सगळे लिहितात.”

“सगळे लिहितात म्हणून मी का लिहू? जिना माणसांसाठी आहे. माणसांसाठी लिही.”

नूरीननं मुकाट्यानं लिहिलं, ‘राहत्या मजल्याकडे जाणारा जिना’. आणि त्या रविवारी तो नकाशा सयाजीरावांच्या ओट्यावर उलगडला गेला.

सयाजीराव म्हणजे निवृत्त सुभेदार मेजर, समितीचे अध्यक्ष. कुतुबभाई फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आता त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. स्वतःच्या घराचा नकाशा असला की सदस्यानं बाहेर जावं, असा नियम. पण बैठकच बाहेर ओट्यावर, म्हणून राजेश्वरीबाई आत गेल्या. सयाजीरावांच्या मंडळी शालूबाई स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाट सरकवला. खिडकीतून ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं.

“ह्ये काय लिव्हलंय, राहत्या मजल्याकडं?” सयाजीराव म्हणत होते. “असं कुनी लिव्हतं व्हय? कुतुबभाई, तुमच्या नातीला सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं. भाभींनी ऐकलं नाही.”

“आरं पन, बाहेरनं जिना म्हंजे... घराला तोंड एकच असावं. सून कवा येती, कवा जाती, घरातल्याला कळाया नको? उद्या लोक काय म्हनतील? ह्ये शोभत न्हाई.”

“तुमच्याकडं आहे की जिना.”

“तो टाकीचा हाय!”

आत शालूबाईंनी शेंगेचं टरफल फुंकलं. “आवं बाई, टाकी लिवा आन् मोकळ्या व्हा,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “आमच्या टाकीत आत्ताच कांदा भाजतोय. वास येतोय न्हवं?”

वास येत होता. खमंग येत होता. राजेश्वरीबाईंना वाटलं, उठून ओट्यावर जावं आणि सयाजीरावांना नाक वर करायला सांगावं. पण नियम होता. त्या बसून राहिल्या आणि शेंगा फोडू लागल्या. शेरा झाल्यावर सयाजीरावांनी हाक मारली, “वहिनी, या भायेर. तेवढं अक्षरात लिवून द्या.” आपला नकाशा परत पाठवणारा शेरा त्यांना स्वतःच्या सुबक अक्षरात लिहावा लागला. ‘शोभत’मधला भ त्यांनी जरा दाबून काढला, एवढाच काय तो निषेध.

रात्री वीरधवल म्हणाला, “आई, एक शब्द लिहायचा होता गं. एकच शब्द.”

“खोटा.”

“खोटा काय त्यात? गावाला माहीत आहे टाकी म्हणजे काय ते. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं, खोटं नसतं.”

“मग सगळ्यांना माहीत असलेलं खरं लिहायला काय होतं त्यांना?”

“बाबांनी टाकीची सवलत ठेवली ती कशाला?”

“टाकी साफ करायला!” राजेश्वरीबाईंचा आवाज चढला. “तुझे बाबा महिन्यातून एकदा स्वतः टाकीत उतरायचे, खराटा घेऊन!”

वीरधवल ताटावरून उठला. शिवांजली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि मग तिनं भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

पुढच्या रविवारी तिघं सांगलीला गेले. ‘नुसतं बघून तर ये,’ असं वीरधवल म्हणाला होता. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे पोचायला उशीर. इमारतीचं नाव परदेशी, उच्चारताना जीभ अडखळावी असं. फाटकावर इथंही सिंह होते, पण तोंड बाहेर करून. नमुन्याचा फ्लॅट दाखवायला टाय लावलेला एक तरुण होता. तो फार गोड बोलला. वर एकसारखे मजले, एकसारख्या गॅलऱ्या, एकसारखी करडी दारं.

“आमच्याकडे डिझाइन आधीच पक्कं असतं, मॅडम. समिती-बिमितीची कटकट नाही.”

“दाराला दुसरा रंग द्यायचा असला तर?”

“नाही देता येत, मॅडम.”

“गॅलरीत कपडे वाळत घालायचे असले तर?”

“पुढच्या बाजूला अलाउड नाही.”

“म्हणजे समिती आहेच की,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “फक्त तिच्या ओट्यावर जाऊन भांडता येत नाही.”

तरुण हसला, पण त्याला कळलं नव्हतं. मग त्यांनी पुराचं विचारलं. दोन हजार एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?

“ते पलीकडच्या बाजूला आलं होतं, मॅडम.”

“पलीकडच्या बाजूच्यांना काय सांगता?”

वीरधवलनं घसा खाकरला आणि त्यांना घाईघाईनं तिसऱ्या खोलीत नेलं. “ही तुझी, आई.” खोली स्वच्छ होती. भिंतीला उदी रंग होता. राजेश्वरीबाईंनी खिडकी सरकवली. समोर हात लांबवला तर लागेल अशी भिंत, तिच्यावर वरपासून खालपर्यंत पाइप, आणि कुठल्या तरी मजल्यावरून फोडणीचा वास.

“हे काय आहे?”

“डक्ट,” वीरधवल म्हणाला.

त्यांनी खिडकी परत लावली. परतताना कराडजवळ चहाला थांबले तेव्हा शिवांजली एकटीच त्यांच्याशेजारी बाकावर येऊन बसली. “आई, मला ती खोली आवडली नाही,” ती म्हणाली.

“ती तुझी नव्हती.”

“म्हणूनच.”

राजेश्वरीबाईंनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि सांगलीपासून साचलेला सगळा राग त्यांनी त्या बिस्किटावर काढला. “मेली बिस्किटं! नावालाच कडक!” त्या दिवशीच्या नोंदीत मात्र सांगलीचा फ्लॅट एका ओळीत आहे. ‘खिडकीतून डक्ट दिसते.’

आठवडा तसाच गेला. वीरधवल सांगलीहून फोन करे आणि फ्लॅट सोडून बाकी सगळं बोले. राजेश्वरीबाई पोळ्या जाड करू लागल्या. कामवालीवर ओरडल्या. जोतिबासमोर उभ्या राहून त्यांनी नकाशा समिती, फौज, कॉन्व्हेंट आणि कै. हंबीरराव या सगळ्यांचा उद्धार केला. शोभतं! जन्मभर हा एक शब्द पाठीमागे. मुलीनं मोठ्यानं हसणं शोभत नाही. लग्न झालेल्या बाईनं सायकल चालवणं शोभत नाही. हे गेल्यावर वर्षाच्या आत रंगीत साडी नेसली तर शोभत नाही. आणि खोटी टाकी मात्र शोभते!

गुरुवारी सकाळी नूरीन नकाशा परत न्यायला आली. शिवांजली नुकतीच कामावरून आली होती. बादली हातात घेऊन ती जिना चढत होती, आणि पायरी करकरत होती.

“बादली कशाला, वहिनी?” नूरीननं विचारलं.

“वर पाणी चढतच नाही गं. टाकी मागे, न्हाणीच्या छपरावर. वरच्या नळाला करंगळीएवढी धार. आंघोळीला खालून न्यावं लागतं.”

“मग टाकी गच्चीवर का नेत नाही?”

“कोण नेणार? आणि साफ करायला जाणार कुठून? गच्चीला जिनाच...” शिवांजली थांबली. बादली तिनं पायरीवर ठेवली. थोडं पाणी हिंदकळून खाली सांडलं. “नूरीन, बाहेरचा जिना आमच्या मजल्यावर थांबतो, तो तसाच पुढं गच्चीवर नेता येईल?”

“येईल की.”

“आणि गच्चीवर टाकी. खरीखुरी. पाण्याची.”

राजेश्वरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “म्हणजे?”

“म्हणजे जिना टाकीकडे जाईल, आई,” शिवांजली म्हणाली. “अगदी खरा. वाटेत आमचं दार लागेल.”

असली युक्ती त्या सिस्टरला आवडली असती का, हे राजेश्वरीबाई मनातल्या मनात तपासत होत्या. सिस्टर अर्ध्या सत्यावर पूर्ण छडी मारायची. “दोन्ही लिहायचं,” त्या शेवटी म्हणाल्या. “टाकी आहे, तर टाकी लिही. दार आहे, तर दारही लिही.”

“दार लिहिलं तर परत नकाशा मागे येईल, आजी!”

“मग येऊ दे.”

“आई!” शिवांजलीच्या तोंडून निघालं. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच सासूवर ओरडली होती. राजेश्वरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे झोपेनं लाल झाले होते. त्यांनी पायरीवरची बादली उचलून दिली आणि म्हणाल्या, “आधी आंघोळ कर. मग भांड.”

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा ओटा. वीरधवलला दुसऱ्या दिवशी सांगलीत होकार किंवा नकार द्यायचा होता, म्हणून तोही फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. राजेश्वरीबाई नियमाप्रमाणे आत, शालूबाईंजवळ. आज शालूबाई गहू निवडत होत्या.

“आता कसं!” बाहेर सयाजीरावांचा आवाज खुलला. “‘गच्चीवरील पाण्याच्या टाकीकडे जाणारा जिना.’ शाब्बास! वहिनींना अक्कल आली म्हनायची. कुतुबभाई, मारा सही.”

“थांबा. खाली अजून एक ओळ आहे.”

“कसली?”

“‘वाटेत राहत्या मजल्याचे दार आहे.’”

ओट्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. “वहिनी!” सयाजीरावांनी खिडकीतूनच हाक दिली. “आवं, ही दुसरी वळ खोडा!”

“मी बाहेर येऊ शकत नाही,” राजेश्वरीबाईंनी आतून उत्तर दिलं. “माझाच नकाशा आहे.”

“आतनंच सांगा, खोडू का?”

“नाही.”

“आवं, टाकी हाय न्हवं? मग दाराची वाच्यता कशापायी?”

“दार आहे म्हणून.”

“आमच्या जिन्याला दार हाय, कुनी लिव्हलंय व्हय? समद्यांच्या जिन्याला दार हाय! तुमी लिव्हलं तर उद्या जो तो इचारंल, ह्यांचं लिव्हलंय, मग त्यांचं कसं न्हाई? साऱ्या वसाहतीची टाकी फुटंल, वहिनी!”

“फुटू दे. तिच्यात पाणी नाहीच आहे.”

कुतुबभाई खोकल्यासारखं काही तरी करून हसले. सयाजीराव भडकले. “हसताय काय? फौजेत असं चालत न्हवतं. कॅप्टनसायेब असते तर...”

“कॅप्टनसाहेबांनीच लिहिलंय, टाकी साफ करायला जिना,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “सयाजीराव, तुमची टाकी शेवटची कधी साफ केलीत?”

फाटकाबाहेर वीरधवलनं कपाळावर हात मारून घेतलेला राजेश्वरीबाईंना खिडकीतून दिसला. एक ओळ. खोडली तर उद्या हा सांगलीला नकार कळवेल, आणि आयुष्यभर वरून पावलं ऐकू येतील. न खोडली तर खिडकीत डक्ट. त्यांनी सुपातले दोन दाणे उचलले, परत टाकले. खोडा, असं म्हणायला तोंड उघडलं की काय, ते त्यांनाही कळलं नाही, कारण त्याआधी शालूबाईंनी सूप दाणकन खाली आपटलं.

“लिवा की ते!” शालूबाई खिडकीकडे तोंड करून ओरडल्या. “दार हाय तर दार हाय! आपल्या टाकीतल्या पोरी काय रोज खिडकीतनं उडी मारून आत जात्यात व्हय? म्हनं शोभत न्हाई! परवा वरची पोरगी तापानं फनफनली तवा मी त्या जिन्यानंच वर गेले न्हवं? का टाकी साफ कराया गेलते?”

“तू मधी बोलू नगं...”

“मी घरात बोलतीया. बैठक भायेर हाय!”

मग बाहेर बराच वेळ कुजबुज झाली. चहाचे कप वाजले. कुतुबभाईंनी आधी सही केली, ‘माझ्याही जिन्याला दार आहे, बाबा, खोटं कशाला,’ असं म्हणत. सयाजीरावांनी पेन झटकलं, दोनदा झटकलं, त्यात शाई नाही म्हणाले, दुसरं मागितलं. सही केल्यावरही हार मानवेना, म्हणून त्यांनी अटी घातल्या. जिन्याला फौजी हिरवा रंग. कठडा कुंपणाएवढाच. आणि जिन्याच्या तोंडाशी एक कुंडी. कुंडी कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. असावी.

“वहिनी, या भायेर. शेरा लिवा,” ते शेवटी थकून म्हणाले. “काय लिवायचं ते तुमीच ठरवा आता.”

राजेश्वरीबाईंनी लिहिलं, ‘वसाहतीस शोभते.’ लिहिताना त्यांना आनंद झाला नाही, उलट चीडच आली. चार माणसांनी दोन रविवार घातले, एका मुलाची झोप उडाली, एका सुनेला सासूवर ओरडावं लागलं, आणि हे सगळं एका दाराला दार म्हणण्यासाठी.

वीरधवलनं सोमवारी सांगलीला नकार कळवला आणि आईला फोन केला. फोन ठेवताना तो म्हणाला, “आई, तू एक दिवस आम्हाला वेडं करशील.” त्यात रागाइतकंच दुसरं काही तरी होतं, ते राजेश्वरीबाईंनी लिहिलं नाही, कारण ते घडलेलं नव्हतं, वाटलेलं होतं.

जिना मे महिन्यात झाला. कुतुबभाईंच्याच दुकानातलं लोखंड, त्यामुळे ते रोज येऊन वेल्डरला शिव्या देऊन जात असत. गच्चीवर काळी टाकी बसली. हिरवा रंग सयाजीरावांनी स्वतः डबा उघडून तपासला. कुंडीत शालूबाईंनी गवती चहाचा ठोंब लावून दिला.

ज्या संध्याकाळी जिना पहिल्यांदा वापरात आला, त्या संध्याकाळी राजेश्वरीबाई टाकी भरायला मोटार लावून दिवाणखान्यात खुर्चीवर बसल्या होत्या. शिवांजलीची कामावर जायची वेळ झाली. आतला जिना गप्प होता. पायरी करकरली नाही. कुणी ‘मी, आई’ म्हटलं नाही. बाहेर लोखंडावर हलकी पावलं वाजली आणि उतरत गेली. हेच तर हवं होतं. याच्यासाठीच एवढं रामायण केलं होतं. राजेश्वरीबाईंना उगाचच उठून दिवा लावावासा वाटला, पण अजून उजेड होता. त्या बसून राहिल्या, आणि आपण काय ऐकायला बसलोय याचा त्यांना भयंकर वैताग आला.

एवढ्यात वरून धो धो पाणी कोसळल्याचा आवाज झाला. खिडकीच्या गजांवर बोटं वाजली. शिवांजली जिन्याच्या खालच्या पायरीवरून आत डोकावत होती, निम्मी भिजलेली, पर्स डोक्यावर धरून.

“आई! टाकी भरून वाहतेय! मोटारीचं बटण तुमच्या स्वयंपाकघरात आहे!”

“मग वर का नाही घेतलं बटण? एवढा नकाशा काढलात!”

“ते राहिलंच!”

“राहिलंच!” राजेश्वरीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आता रोज मीच बंद करायची का मोटार?”

“हो!” शिवांजली हसत म्हणाली. “येते, आई.”

“बरं,” राजेश्वरीबाई म्हणाल्या, आणि बटण दाबायला आत गेल्या.

त्या रात्री त्यांनी तारीख घातली, आणि खाली लिहिलं, ‘गच्चीवरची टाकी आज प्रथमच भरली. मोटार मी बंद केली.’